बंबखान्यातल्या दादांना, "खाली काय भरलंय" हे विचारल्याबद्दल

दादा,

नाव माहितीये तुमचं, पण इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, गाडीवर आम्ही सहा जण होतो, एकट्याचं नाव कशाला. तर बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या बंबखान्यातल्या त्या सहाही जणांना हे पत्र समजा, पण बोलणार मी तुमच्याशीच आहे, कारण आमच्या दारात तुम्ही उभे होतात आणि मी तुमच्यावर ओरडले होते.

आधी त्याची माफी. तुम्हाला आठवत असेल, नसेलही, असे कॉल किती येत असतील. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतली रात्र, अडीच वाजलेले, रावपुऱ्यातलं आमचं जुनं घर, सागाचे खांब, लाकडी जिना आणि त्या जिन्याखाली सगळ्या भाडेकरूंचे मीटर एकाच फळीवर. तिथे शॉर्ट सर्किट झालं. वर दुसऱ्या माळ्यावर मी आणि सासूबाई दोघीच, हे नेमके सुरतेला गेलेले. आईंचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एरवीसुद्धा तो जिना उतरायला त्यांना दहा मिनिटं लागतात. दार उघडलं तर समोर नुसता काळा धूर, बॅटरीचा उजेड हातभर पुढे जाईना, तरी मी आईंना शाल गुंडाळून उतरायच्याच तयारीत होते. तेवढ्यात त्या धुरातून तुम्ही आलात, तोंडाला मास्क, पाठीवर सिलिंडर, आणि पहिलं काय विचारलंत तर, "बेन, नीचे गोडाउनमां शुं भर्युं छे?"

मी भडकलेच. अहो इथे म्हातारं माणूस गुदमरतंय आणि तुम्हाला गोडाऊनची पडलीये! तुम्ही चिडला नाहीत, तोच प्रश्न परत विचारलात, या वेळी मराठीत. मग मला आठवलं की खालच्या खोलीत भाडेकरूने फोमच्या गाद्या ठेवल्यात आणि थिनरचे डबे, पाच का सहा, मी कधी मोजले नव्हते, भाडं वेळेवर येत होतं ना, मग कोण मोजतंय. तुम्ही ते वॉकीटॉकीवर खाली सांगितलंत, खालून काहीतरी उत्तर आलं, आणि तुम्ही म्हणालात जिन्याने उतरायचं नाही, आतच थांबायचं.

मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं, खरं सांगते. पण तुम्ही दार लावलंत, टॉवेल ओला करून फटीत कोंबलात, आम्हाला मागच्या खोलीत नेलंत, खिडकी उघडलीत आणि आईंना म्हणालात, "बा, नीचे बेसी जाव." त्या बसल्या बिचाऱ्या फरशीवर, कित्येक वर्षांनी. जिना म्हणजे चिमणी असते, धूर वर चढतो, श्वास घेण्यासारखी हवा जमिनीलगत राहते, माणसं जळण्याआधी धुरानेच जातात, हे सगळं तुम्ही आम्हाला शाळेत शिकवतात तसं सांगत होतात, आणि मला वाटतं ते ज्ञान द्यायला नव्हतंच, आम्ही घाबरू नये म्हणून होतं. आईंनी मध्येच विचारलं, जेवलास का रे बाळा. रात्री अडीच-तीनला! तुम्ही हसलात.

तोवर तुमच्या लोकांनी थिनरचे डबे मागच्या दाराने बाहेर काढले, वीज कंपनीवाल्यांनी लाईन तोडली, मग पाणी मारलं. आईंना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. जिन्याच्या खालच्या आठ पायऱ्या गेल्या, बाकी घर आहे.

नंतर मी लीलो चेवडो आणि भाखरवडी घेऊन बंबखान्यात आले तेव्हा तुम्ही पुडे सगळ्यांत वाटून टाकलेत आणि म्हणालात, आभार मानायचेच असतील तर १४ एप्रिलला सकाळी या. मी म्हटलं आंबेडकर जयंतीला? बडोद्यात त्या दिवशी संकल्प भूमीकडे गर्दी असते एवढंच मला माहीत. तुम्ही म्हणालात, तो आमचाही दिवस आहे.

आले मी. आवारात सगळे युनिफॉर्ममध्ये रांगेत, टेबलावर एक हेल्मेट, त्याला झेंडूचा हार, दोन मिनिटं शांतता. बाहेर रिक्षावाले हॉर्न मारतच होते. नंतर चहा घेताना तुम्ही मुंबईच्या गोदीचं सांगितलंत आणि मी मध्येच बोलले, हो हो, सोन्याच्या विटांचा स्फोट ना!

त्याला कारण आहे. आमच्या आईंचं माहेर गिरगावचं. १९४४ साली गोदीत जहाज फुटलं आणि सोन्याच्या विटा उडाल्या, एक तर कोणाच्या तरी घराचं छप्पर फोडून आत पडली, ही गोष्ट त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेली आणि आमच्या घरात प्रत्येक दिवाळीला एकदा तरी होते. मुलं विचारतात मग तुम्ही का नाही शोधली वीट. अख्खं घर हसतं. इतकी वर्षं ऐकतेय, पण त्या दिवशी गोदीत बंबवाले होते हे एकदाही ऐकलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत ते मी घरी येऊन आईंना जसंच्या तसं सांगितलं. जहाजाचं नाव फोर्ट स्टिकीन, कराचीहून १२ एप्रिलला आलेलं, व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलेलं. त्यात कापसाच्या गाठी आणि त्याच जहाजात जवळजवळ १,४०० टन दारूगोळा, आणि हो, सोनंही. कापूस आणि स्फोटकं एकत्र, कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण लढाई चालू होती, जागा मिळेल तिथे माल भरत असतील. असा माल असला की जहाजावर लाल निशाण लावायचं असतं. ते लावलेलं नव्हतं. दोन दिवस झाले तरी माल पूर्ण उतरला नव्हता आणि १४ तारखेला दुपारी धूर दिसला. बंब आले. धूर इतका की आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, ९०० टनांच्या वर पाणी ओतलं, आणि ते पाणीच जहाजात उकळायला लागलं. आत काय भरलंय ते कळल्यावरही पाणी मारणं चालूच राहिलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी ते फुटलं, अर्ध्या तासाने परत एकदा. पार सिमल्याच्या यंत्रांत हादरा नोंदला गेला. बंबवाले गेले सहासष्ट.

आईंनी विचारलं, "किती?" मी परत सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्या आईने विटेचं सांगितलं गं, यांचं नाही सांगितलं."

मला त्यांच्या आईचा राग नाही येत. सोनं आकाशातून पडलं ही गोष्ट सांगायला सोपी आहे, सहासष्ट माणसं नळी धरून उभी होती ही कशी सांगणार पोरांना झोपताना. पण मग सांगायची कोणी, तुम्ही दरवर्षी हेल्मेटला हार घालून आपापल्यातच सांगत बसायची का?

काळबादेवीचं सांगताना तुमचा आवाज बदलला होता. ९ मे २०१५, गोकुळ निवास, आमच्या घरासारखीच जुनी, लाकडाची इमारत, आग लागली आणि मग इमारतच खाली आली. चार अधिकारी गेले, सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. दोघं त्या ढिगाऱ्यात, दोघं नंतर हॉस्पिटलात, भाजलेले. नेसरीकर तर मुंबईचे चीफ फायर ऑफिसर. मी विचारलं, चीफ कशाला आत गेले, आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुढे बोललेच नाही. आमचा लाकडी जिना चढताना तुम्हाला ते आठवलं होतं का, हे विचारायचं तेव्हा तोंडावर आलं होतं पण धीर नाही झाला. आता लिहून विचारते, उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

आणि एक. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी सोसायट्यांत शिरली, मगरींच्या त्या पाण्यात बोटी घेऊन फिरणाऱ्यांत तुमचेच लोक होते, आणि तेव्हा बोट उशिरा आली म्हणून फोनवर वाट्टेल ते बोलणाऱ्यांत मीही होते, माझ्या बहिणीसाठी. तेही या माफीत धरा.

आता घरचं सांगते. थिनर गेला, भाडेकरूला सांगितलं गाद्या ठेव पण डबे नाहीत, कुरकुर करत नेले त्याने. मीटर बाहेरच्या भिंतीवर घेतले, खर्च झाला, हे अजून ऐकवतात. आणि मुख्य दाराच्या आत एक पाटी लावलीये, कुठल्या माळ्यावर किती माणसं, कोणाला उतरता येत नाही, कुठल्या खोलीत काय भरलंय, गॅसची बाटली कुठे, मेन स्विच कुठे. मराठीत आणि गुजरातीत दोन्हीत. मी निळ्या मार्करने लिहायला घेतलं होतं, आई खुर्चीतूनच म्हणाल्या लाल घे.

तिसऱ्या माळ्यावरचे भाडेकरू परवाच बदललेत, त्यांची माणसं विचारून लिहायची राहिलीत, रविवारी लिहिते.

तुमची,
रावपुऱ्यातली, ओरडलेली बेन