ओंकारला, बीकेसीच्या आधी

बाळा ओंकार,

फोनवर काही सांगायला गेलं की म्हणतोस आई लिहून पाठव, म्हणून लिहितेय, तर नीट वाच, नुसता अंगठा पाठवू नकोस.

बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये तुझा व्हिसाचा इंटरव्ह्यू, त्याला जन्मदाखला लागतोय, आणि तो बाबांनी नाही हरवला, माझ्या हातनं गेलाय. २६ जुलै २००५ ला कळव्याच्या चाळीत पाणी शिरलं तेव्हा कागदांची पेटी पलंगाखालीच होती, दोन दिवसांनी उघडली तर सगळं एकाला एक चिकटलेलं. तुझा दाखला मी हळूच सोडवला, वर रुमाल टाकून इस्त्री फिरवली, आणि शिक्क्याचा नुसता निळा फराटा उरला, घडीवर कागद फाटला तो वेगळाच. पुढे कधी अडलं नाही कारण तू ८८ चा, पासपोर्टला तेव्हा २६ जानेवारी १९८९ नंतरच्यांनाच जन्मदाखला कंपल्सरी होता, तुझं शाळेच्या दाखल्यावर भागलं. बाबांचं तर विचारूच नको, त्यांच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला, गुरुजींनी लावलेला.

तू ठाणे महापालिकेच्या साइटवर शोधत बसलास, पण तिथे कसा सापडशील? पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नोंद जिथे जन्म तिथेच होते. म्हणून मी न् मामा खोपटवरून रात्रीची एसटी धरून गावी गेलो. ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनी ८८ चं रजिस्टर काढलं, पण आपल्याला हवी ती पानं वाळवीनं खाल्लेली, बोट लावलं की भुगा. मामा म्हणाला नवी नोंदच करू, पण वर्ष उलटल्यावर त्याला मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते आणि तुझी तारीख आली तोंडावर, शिवाय इंटरव्ह्यूच्या आदल्या महिन्यातला ताजा दाखला बघून समोरच्याला शंका येणारच. म्हणून अनुपलब्धता दाखला घेतला, म्हणजे नोंद मिळत नाही असं लिहून दिलेला कागद. पहिल्यांदा त्यात एवढंच लिहिलं होतं की नोंद आढळत नाही. कुणाची, कुठल्या वर्षाची, काहीच नाही. मी तिथेच बसून राहिले, तुझं नाव, तारीख, आमची दोघांची नावं, कुठल्या वर्षाचं रजिस्टर पाहिलं ते, जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं आल्यावरच उठले.

आता अ‍ॅफिडेव्हिट. दोन केलीत, एक माझं, एक थोरल्या मावशीचं. मामा रुसला, पण तो तेव्हा आठवीत, त्या दिवशी चिंचेखाली गोट्या खेळत होता, त्याला काय माहीत! मावशी खोलीत होती. त्यात तुझी तारीख, गाव, आई-बाप, आपलं नातं आणि हे तुम्हाला कसं माहीत तेही लिहावं लागतं. कोर्ट नाक्यावरच्या टायपिस्टने मलाही विचारलं, मॅडम तुम्हाला कसं माहीत? म्हटलं लिही, जन्म मीच दिला.

पण खरी गोची माझ्या नावाची. माहेरची मी शालन, लग्नात तुझ्या आजीनं स्वाती केलं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून, पण नाव बदलल्याची वेगळी सरकारी नोंद मात्र नाही. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव स्वाती, माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर शालन. टायपिस्टने नुसतं स्वाती टाकलेलं, मी परत टाइप करून घेतलं की दोन्ही नावं एकाच बाईची, आणि सोबत लग्नाचा दाखला जोडलाय, त्यात दोन्ही आहेत. कुणी विचारलं तर गडबडू नकोस, सरळ सांग आमच्यात लग्नात नाव बदलायची पद्धत आहे.

मराठी कागदांचं इंग्लिश भाषांतर करून घेतलंय, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट. सगळं स्कॅन करून तू व्हिसाच्या साइटवर अपलोड कर, ओरिजिनल माझ्याकडे हिरव्या फाइलमध्ये आहेत. तो इस्त्रीवाला दोन तुकड्यांचा जुना दाखला पण ठेवलाय. बाबा म्हणतात तो काढ, हसतील. मी म्हणते राहू दे तळाशी, मागितला तरच दाखव.

आदल्या दिवशी घरीच ये, बंगलोरहून थेट नको. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, बॅगही नाही, तेव्हा बाबा बाहेर गाडीत थांबतील, घोडबंदरच्या ट्रॅफिकचं काही खरं नाही म्हणून पहाटेच निघायचंय. थालीपीठ डब्यात देईन, डबा गाडीतच ठेव, फाइलीला तेल लागायला नको.

आई