‘खासगी’ हा शिक्का मारायचा कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियात गॉफ व्हिटलम यांचे सरकार बरखास्त झाले, त्याला 11 नोव्हेंबर 2025 रोजी 50 वर्षे पूर्ण झाली. आपल्याकडे 1975 म्हटले की आणीबाणीपलीकडे काही आठवत नाही, आणि ते साहजिकही आहे. पण त्याच वर्षी तिकडे ब्रिटनच्या (आणि ऑस्ट्रेलियाच्याही) राणीचे प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी लोकांनी निवडून दिलेल्या पंतप्रधानाला बंगल्यावर बोलावून त्याच्या हातावर बडतर्फीचे पत्र ठेवले. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर तेव्हा त्याच बंगल्यात दुसऱ्या खोलीत बसून होते. थोड्याच वेळात ते काळजीवाहू पंतप्रधान झाले. सेनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, सरकारी खर्चाची विधेयके अडवून धरली होती, हे त्याला निमित्त. राणीच्या राजवाड्याला यातले आधी किती ठाऊक होते, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून लोंबकळत राहिला.

गंमत अशी की, याचे उत्तर ज्या कागदांत होते ते ना हरवले होते, ना कसरीने खाल्ले होते. कर आणि राजवाडा यांच्यातली 200हून अधिक पत्रे 1978 पासून कॅनबेराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नीट लावून ठेवलेली होती. त्यांच्यावर फक्त ‘खासगी’ असा शिक्का होता. सरकारी कागद म्हटला तर तिथल्या कायद्याने 30 वर्षांनी खुला करावा लागला असता. खासगी म्हटल्यावर ठेवणाऱ्याने घातलेली अट चालते. अट आधी 60 वर्षांची होती, पुढे राणीच्या सूचनेवरून ती 50 वर्षांवर आली. म्हणजे डिसेंबर 2027 पर्यंत थांबा, आणि तेव्हाही राजवाड्याच्या सचिवांना विचारल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही!

मोनॅश विद्यापीठातल्या इतिहासकार जेनी हॉकिंग यांना हे पटले नाही. व्हिटलम यांचे दोन खंडांतले चरित्र त्यांनीच लिहिले आहे. त्यासाठी करांचे कागद चाळताना, सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश अँथनी मेसन यांचा सल्ला जॉन कर गुपचूप घेत होते, हे त्यांनी शोधून काढले होते. पत्रे मागितल्यावर नकार आला, तेव्हा 2016 मध्ये त्यांनी अभिलेखागारालाच कोर्टात खेचले. वकिलांनी फी घेतली नाही, बाकीच्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली. 2018 मध्ये हरल्या. 2019 मध्ये अपिलात पुन्हा हरल्या. तिथे तिघांपैकी एक न्यायाधीश मात्र त्यांच्या बाजूचा होता. शेवटी 29 मे 2020 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला: ही पत्रे गव्हर्नर जनरलच्या सरकारी कार्यालयाने सांभाळली, त्या कार्यालयानेच अभिलेखागारात ठेवली, तेव्हा ती सरकारी दप्तर आहेत.

देशाचा पंतप्रधान ठेवायचा की काढायचा, याची चर्चा ज्यात आहे ते पत्र खासगी कसे, हे कळायला चार वर्षांची कोर्टबाजी लागली. माझ्या मते याहून खटकणारी बाब दुसरीच. कागद जपून लोकांपुढे ठेवणे हे ज्या संस्थेचे काम, तीच संस्था लोकांच्या पैशाने वकील देऊन दरवाजा लावून धरत होती. पुढच्याच वर्षी, जुन्या फिती आणि चित्रपट कुजायला लागले, पैसे द्या, असे त्या अभिलेखागाराला सरकारपुढे सांगावे लागले. 

14 जुलै 2020 रोजी पत्रे खुली झाली. बाराशेच्या वर पाने, सोबत वर्तमानपत्रांची कात्रणे. बडतर्फीच्या दिवशीच्याच पत्रात कर लिहितात की, राजवाड्याला आगाऊ न कळवता मी हे पाऊल उचलले, कारण राणीला आधी माहीत नसलेले बरे. ‘बघा, राणीचा संबंध नव्हता,’ असे म्हणणाऱ्यांना हे वाक्य पुरेसे वाटले. पण त्याच गठ्ठ्यात आठवडाभर आधीचे राणीचे खासगी सचिव मार्टिन चार्टरिस यांचे पत्र आहे. असे विशेष अधिकार गव्हर्नर जनरलला आहेतच, पण ते वापरणे मोठ्या जबाबदारीचे काम आहे, असे ते करांना सांगतात. कोणी कोणता अर्थ काढावा हा वादाचा भाग. निदान आता वाद कागद समोर ठेवून घालता येतो.

महाराष्ट्राला ही कहाणी नवी नाही. इंग्रजी अमलात पेशवे दफ्तर सरकारच्या कुलपात होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव वाडे आणि माळे धुंडाळत फिरले, वाईला सापडलेल्या पत्रांतून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. रियासतकार सरदेसायांनी सरकारी दफ्तरातून निवडलेले 45 खंड यायला 1930चे दशक उजाडले.

आणि आज? कागदोपत्री आपला कायदा चांगला आहे. 1993च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने कायम जतन करायचे केंद्राचे कागद 25 वर्षांनंतर राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत. माहिती अधिकार कायद्यात तर 20 वर्षांनी बहुतेक सबबी गळून पडतात. प्रत्यक्षाचा अनुभव सांगतो. निवृत्तीनंतर हौसेने मोडी शिकलो आणि पणजोबांच्या इनामाचा कागद बघायला एका सरकारी अभिलेख कक्षात गेलो. तिथल्या कारकुनाने विचारले, ‘काका, काम खासगी आहे की संशोधन?’ खासगी असेल तर कारण लेखी द्या, संशोधन असेल तर विद्यापीठाचे पत्र आणा. बोलत होता तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या मांडणीत आमच्या तालुक्याची चिठ्ठी लावलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मला दिसत होता. तीन हेलपाटे झाले, रुमाल तसाच आहे.

अजून एक प्रकरण थेट आपल्याशी संबंधित आहे. लॉर्ड आणि लेडी माउंटबॅटन यांच्या रोजनिशा आणि पत्रे साउथॅम्प्टन विद्यापीठाने सार्वजनिक पैशातून विकत घेतली. ती खुली करावीत म्हणून इतिहासकार अँड्र्यू लोनी यांनी पदरची लाखो पौंडांची पुंजी घातली. 2019 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला, तर विद्यापीठ आणि तिथले मंत्रिमंडळ कार्यालय अपिलात गेले. सुनावणी तोंडावर आल्यावर बरीचशी पाने सोडली. काही मजकूर 2022च्या निकालानंतरही झाकलेलाच आहे. फाळणीच्या वेळचा व्हाइसरॉय भारताबद्दल रोज काय लिहीत होता, यातले किती आपण वाचायचे हे लंडनने ठरवायचे आणि आपण गप्प बसायचे, हे मला तरी झेपत नाही. आपल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी निदान त्या पानांची मागणी करणारे एक पत्र तिकडे धाडावे. फक्त त्यावर कोणी ‘खासगी’ लिहिणार नाही, एवढे बघावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे