बुडालेल्या दिवसाची भरपाई सुट्टीच्याच आदेशात जाहीर व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांत मी तीसहून अधिक वर्षे प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले आणि २०२३ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. ‘उद्या शाळा आहे का?’ हा पालकांचा प्रश्न आजही माझ्यापर्यंत येतो, आणि अलीकडे तो पावसाळ्यापुरता उरलेला नाही. अतिवृष्टी, निवडणूक, संप, ऐन वेळी बदललेले परीक्षेचे वेळापत्रक अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने शाळेचे वर्ष मधूनच तुटते. त्यातली बरीचशी कारणे टाळता येण्यासारखी नसतात, हे मला मान्य आहे. परंतु जो दिवस बुडतो त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

दोनचार दिवसांनी काय बिघडते, असे अनेकांना वाटते. त्यांच्यासाठी वर्गातलीच एक गोष्ट सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता आणि आम्ही नुकतीच हातच्याची वजाबाकी सुरू केली होती. दहा काड्यांचा गठ्ठा सोडायचा, दशकातला एक कमी करायचा आणि एककात दहा मिळवायचे, ही क्रिया हाताला वळण पडेपर्यंत आठ-दहा दिवस रोज घ्यावी लागते. चौथ्या दिवशी गावात पाणी आले. वर्गाच्या भिंतीवर फळ्याच्या वरपर्यंत पाण्याची रेघ उमटली होती. गाळ काढून, भिजलेली पुस्तके वाळवून शाळा पुन्हा भरायला पंधरवड्याहून अधिक काळ गेला. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर ५२ वजा ३८ हे उदाहरण लिहिले आणि निम्म्याहून अधिक पाट्यांवर उत्तर आले २६. मुलांनी आठातून दोन आणि पाचातून तीन वजा केले होते. त्यांना काहीच आठवत नव्हते असे नाही; अर्धवट आठवत होते, आणि अर्धवट आठवणारे मूल स्वतःची एक चुकीची रीत बसवून घेते. ती मोडून काढायला मला मूळ धड्याच्या दुप्पट दिवस लागले. ते दिवस कुठून आले? पुढच्या भागाकारातून. चौथीत गेल्यावर त्या वर्गाचा भागाकार कच्चा निघाला, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

पुरासाठी कुणाला दोष द्यायचा नाही. पण आमच्याकडचा पाऊस कसा असतो हे सुट्टी देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचा जोर असतो तो गगनबावडा, राधानगरी अशा पश्चिमेच्या तालुक्यांत. त्याच दिवशी शिरोळला अनेकदा नुसती भुरभुर असते. अशा वेळी जिल्ह्याला सरसकट एकच सुट्टी दिली, तर आमची शाळा कोरड्या रस्त्यावर बंद राहते. आणि पुढे तेच पाणी पंचगंगेतून, कृष्णेतून उतरून आमच्या शिवारात पसरते, तेव्हा ती खऱ्या कारणाने पुन्हा बंद होते. एकाच पावसासाठी आमच्या मुलांचे दोनदा दिवस जातात. हा निर्णय तालुक्यावर, किंबहुना नदीकाठच्या आणि माळावरच्या गावांचा वेगळा विचार करून, घ्यायला काय हरकत आहे?

निर्णयाची वेळ हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे. पहाटे पडलेल्या पावसाची सुट्टी पहाटेच जाहीर होणार, हे उघड आहे. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात तसे झाले आणि ते योग्यच होते, कारण सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. मात्र अंदाज आदल्या दिवशीच हाती असताना निरोप सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो, तेव्हा तो सगळ्यांपर्यंत पोचत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भांगलणीला जात असे. सकाळी सातला घर सोडणाऱ्या त्या बाईच्या साध्या फोनवर असा निरोप येणार कसा? मुलगी पाठीवर दप्तर आणि हाताशी धाकटा भाऊ घेऊन बंद फाटकापर्यंत यायची आणि परत फिरायची. त्या दिवशी दुपारची खिचडीही नसायची. माझ्या पाहण्यात अशा सुट्टीचा एक दिवस मुलींच्या बाबतीत पुष्कळदा चार दिवसांचा होतो, कारण भावाला सांभाळायला घरी कुणीतरी आहे अशी एकदा सवय झाली की दुसऱ्या दिवशी शाळा भरली तरी तिला पाठवण्याची घाई कुणाला राहत नाही.

शिक्षक म्हणून आमची जबाबदारीही मी टाळणार नाही. जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात झालेल्या संपात मी सामील होते. मला स्वतःला जुनीच पेन्शन लागू होती, पण धाकट्या सहकाऱ्यांची मागणी न्याय्य आहे असे मला वाटत होते आणि आजही वाटते. परंतु रविवार वगळता सहा दिवस गेले, २१ तारखेला शाळा भरली आणि २२ ला गुढीपाडवा आला. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर गेलेले ते सहा दिवस भरून काढावेत असे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही आपण होऊन ते मागितले नाहीत, याची खंत मला आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवे. याच कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, मात्र दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून वगळलेले आहे. ही सूट कागदावर लहान दिसते. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्यासमोर चार इयत्ता बसतात. शाळा भरलेली असते, हजेरी लागलेली असते, दिवस मोजला जातो, पण अध्यापनाचा तास झालेला नसतो. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे तिचे काम नेमके परीक्षेआधीच्या उजळणीच्या दिवसांवर येणार. त्याची तजवीज आतापासून करता येईल.

तारखा ऐन वेळी हलवण्याचा फटका कुटुंबांना कसा बसतो, हे २०२५ च्या एप्रिलमध्ये दिसले. पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे वेळापत्रक शाळांना मिळाले तेव्हा वर्ष संपत आले होते. एप्रिलचा मध्य गाठेपर्यंत परीक्षा उरकतात या रिवाजावर विसंबून लोकांनी गावाकडच्या गाड्यांची तिकिटे काढलेली, लग्नाच्या तारखा धरलेल्या. ऊन तर होतेच. शिवाय १ मेच्या निकालासाठी शिक्षकांच्या हाती पेपर तपासायला जेमतेम पाच दिवस उरले. एप्रिलअखेरपर्यंत शिकवणे व्हावे, हा हेतू मला पटतो. माझा आक्षेप एवढाच आहे की ते जूनमध्ये सांगायला हवे होते.

म्हणून माझी विनंती आहे की, ज्या आदेशाने सुट्टी जाहीर होते त्याच आदेशात तिच्या बदल्यात शाळा कोणत्या दिवशी भरणार ती तारीख लिहिलेली असावी. शनिवारी आमच्याकडे सकाळची शाळा असते, ती चार शनिवार पूर्ण वेळ घेतली तरी दोन दिवस सहज निघतात. दिवाळीच्या सुट्टीतून दोन दिवस घेता येतात. भरपाईच्या दिवशी पोषण आहारही शिजला पाहिजे, नाहीतर मुले येणार नाहीत. आणि प्रत्येक शाळेच्या दर्शनी फळ्यावर, पटसंख्येच्या शेजारी, आजवर प्रत्यक्ष झालेल्या अध्यापनाचे तास दर महिन्याला खडूने लिहावेत, म्हणजे भांगलणीहून परतणाऱ्या आईलाही ते जाता-येता वाचता येतील.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर