‘मत घ्यावे’ म्हणजे संमती?

महोदय,

साम्यवाद कोसळल्यानंतरच्या पूर्व युरोपातील राष्ट्राध्यक्षांवरचा लेख वाचला. राज्यघटनांतल्या अधिकारांची जंत्री चोख आहे, पण ते अधिकार वापरले कसे गेले, याचा पत्ता लागत नाही. पोलंडचेच बघा. (दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांना आसरा देणाऱ्या वळिवड्याच्या छावणीमुळे आम्हा कोल्हापूरकरांना हा देश अगदीच परका नाही.)

साम्यवादी सरकार आणि विरोधक यांच्या १९८९ च्या गोलमेज वाटाघाटींत तिथे राष्ट्राध्यक्षपद पुन्हा आणले गेले, ते साम्यवादी राजवटीचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की यांना डोळ्यांसमोर ठेवून. दीडच वर्षात थेट जनतेच्या मतांवर ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीचे नेते वॉलेसा त्या खुर्चीवर आले. १९९२ च्या ‘छोट्या घटने’त (म्हणजे तात्पुरत्या राज्यघटनेत) एक लहानसे कलम होते: परराष्ट्र, संरक्षण आणि गृहमंत्री निवडताना पंतप्रधानांनी राष्ट्राध्यक्षांचे मत घ्यावे. वॉलेसांनी ‘मत’ हा शब्द ‘संमती’ असा वाचला आणि तिन्ही खाती जणू त्यांच्या नावावर झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये द्राव्स्को इथल्या लष्करी सराव क्षेत्रावरच्या जेवणावळीत त्यांनी चक्क सेनाधिकाऱ्यांकडूनच संरक्षणमंत्र्यांविषयी कौल घेतला. बहुतेकांचा कौल विरोधात गेला आणि नोव्हेंबरात मंत्र्यांचे पद गेले. असा कौल घेण्याची सोय कुठल्या कलमात होती?

हसायला नको. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांच्या नेमणुकीविषयीच्या कलम १२४ मधल्या ‘सल्लामसलत’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये एक लावला आणि १९९३ मध्ये जवळपास उलटा. घटना तीच होती.

पोलंडने १९९७ च्या घटनेत तीन मंत्र्यांचे ते कलम काढून टाकले. राष्ट्राध्यक्षांनी कायद्यावर सही नाकारली, तर तो नकाराधिकार मोडायला आधी दोनतृतीयांश मते लागत, ती तीनपंचमांशावर आणली. कागदावर राष्ट्राध्यक्ष दुबळा झाला. पण ४६० जणांच्या सभागृहात सगळे हजर असतील, तर तीनपंचमांश म्हणजे २७६, आणि त्याच वर्षी निवडून आलेल्या आघाडीकडे होते २६१. त्यामुळे विरोधी गटातून आलेले राष्ट्राध्यक्ष क्वाश्नियेव्हस्की यांची सही पूर्वीइतकीच महाग राहिली. गंमत म्हणजे, ही घटना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्षपद काही काळ त्यांच्याकडेच होते. आज पंतप्रधान टुस्क यांच्या आघाडीचेही तेच दुखणे आहे: बहुमत आहे, २७६ नाहीत.

लेखकांनी पुढच्या भागात कलमांच्या शेजारी सभागृहातले हे आकडेही द्यावेत, एवढीच विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर