यूपीएसची वायर ओळखणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

वडिलांच्या गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, न्यायला तुम्ही मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात आला होतात. मी तिथला दिवाणजी. पैसे घेतले नाहीत, फोन नंबरही दिला नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितोय.

२०१९ च्या महापुरात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या जुन्या गाळ्यात पाणी शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. तेव्हापासून मालकांनी बॅकअपचा धसकाच घेतलाय. रोज रात्री दोनला हिशोबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जायची. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघाले, आवक वाढली आणि नेमकं तेव्हाच हे काम मध्येच थांबायला लागलं. चार रात्री नीट, पाचव्या रात्री अर्धीच फाईल. सकाळी बघावं तर कॉम्प्युटर आपला चालूच! एकानं व्हायरस म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं सरळ फॉरमॅट मारा म्हटलं. ऐन हंगामात फॉरमॅट म्हणजे माझ्या पोटात गोळाच.

तुम्ही पट्टीची वाट बघत बसला होता. माझी कुरकुर ऐकून टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजमधली सोय, उघडलंत. त्यातली हिस्ट्री, म्हणजे कुठलं काम कधी चाललं-थांबलं याची नोंद, बंदच होती. ती मुळातच बंद असते, हे मला त्या दिवशी कळलं. ती चालू केलीत आणि ‘पुढच्या फेरीला बघू’ म्हणून निघून गेलात. खरं सांगू? मला वाटलं, पोरगी टाळतेय.

आठवड्यानं आलात. हिस्ट्रीत दोन ठिकाणी ३२७ नंबरची नोंद होती: मशीन बॅटरीवर गेलं म्हणून काम थांबवलं. मी हसलोच. टेबलावरच्या डब्याला कसली आलीय बॅटरी? तुम्ही खाली वाकून यूपीएसची यूएसबी वायर दाखवलीत. त्या वायरीमुळं विंडोजला यूपीएस म्हणजे बॅटरीच वाटते. लाईट दोन मिनिटं गेली, यूपीएसनं मशीन सांभाळलं, पण ‘बॅटरीवर गेल्यास थांबव’ ही खूण आधीपासूनच असल्यामुळं विंडोजनं काम मारलं. लाईट आल्यावर ते आपोआप पुन्हा सुरूही झालं नाही. रात्रीच्या वॉचमनला विचारलं, तर त्याला दोन्ही रात्री लाईट गेल्याचं आठवत होतं. म्हणजे जे यंत्र वाचवायला आणलं, त्याच्याच पायी बॅकअप अडत होता.

मी वायरच उपटायला निघालो होतो. तुम्ही हात धरलात. लाईट जास्त वेळ गेली तर त्याच वायरीवरनं निरोप मिळून कॉम्प्युटर नीट बंद होतो, म्हणालात. त्या कामाच्या ‘कंडिशन्स’मधल्या बॅटरीच्या दोन्ही खुणा, बॅटरीवर असताना सुरू न करण्याची आणि बॅटरीवर गेल्यास थांबवण्याची, तेवढ्या काढल्यात. जाता जाता ‘सेटिंग्ज’मधली, काम तीन दिवसांहून जास्त चाललं तर थांबवायची मर्यादाही दाखवलीत; आमचं काम वीस मिनिटांचं, तिला हात लावला नाही.

त्यानंतर तीनदा रात्री लाईट गेली. तिन्ही वेळा फाईल पुरी. आता सकाळी आल्या आल्या मी आधी हिस्ट्री बघतो, मग देवाला उदबत्ती. मालकांना हा क्रम पसंत नाही.

तुमच्यासाठी गुळाचा किलोचा एक रवा (छोटी ढेप) बाजूला काढून ठेवलाय. गूळ तुमच्याच गुऱ्हाळाचा आहे, त्यामुळं देताना जरा लाजच वाटणार. तरी पुढच्या पट्टीला वडिलांना एकटं पाठवू नका.

तुमचा,
दिवाणजी