आकडा खरा लिही

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

अकरावीसाठी लातूरला निघालीस. तुझ्या टाइप १ मधुमेहाचं, शुगर तपासून इन्शुलिन टोचायचं रोजचं काम आता तुझ्या एकटीच्या हाती, म्हणून हे लिहून देते.

मीटरवर शुगरचा आकडा ३०० आला तर डायरीत ३०० च लिही. रागावतील म्हणून १४० लिहिलंस, तर डॉक्टर त्या १४० वर डोस ठरवतील आणि तो तुला पुरणार नाही. तुझ्या वयात वाढीच्या हार्मोन्समुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. जेवण तेच, युनिटं तीच, तरी शुगर चढते. पाळीच्या आधीचे काही दिवस तर बऱ्याच मुलींची चढतेच. ती चूक नसते, डोस बदलायची वेळ आलेली असते. फोनवर आम्हीही आधी ‘किती आली?’ विचारणार नाही. जेवलीस का, झोप झाली का, हे आधी. मात्र आंबा खाऊन तसंच बोट टोचलंस तर आकडा खोटाच वर येईल. आधी हात धुऊन कोरडे कर.

जेवणाआधीचं इन्शुलिन घरी पंधरा मिनिटं आधी घ्यायचीस. मेसमध्ये रांग कधी सरकेल याचा भरवसा नाही. इंजेक्शन घेऊन रांगेत उभी राहिलीस तर तिथेच शुगर लो होऊ शकते. तिथे ताट हातात आल्यावरच घे. सगळ्यांसमोर पोटाला टोचायचा संकोच वाटला, तर एखाद्या कोपऱ्यात जाऊन घे, पण ‘नंतर खोलीवर घेईन’ म्हणू नकोस. डोस चुकतात ते बहुतेक असेच. जेवून उठल्या उठल्या आठवलं तर घेऊन टाक. दोन-तीन तासांनी आठवलं तर आधी तपास आणि डॉक्टरांच्या तक्त्यात असेल तेवढंच घे. हे इन्शुलिन सुमारे चार तास काम करतं. पहिलं संपायच्या आत अंदाजाने दुसरं घेतलं की दोन्ही मिळून शुगर धाडकन पाडतात. रात्रीचं, दिवसभर पुरणारं इन्शुलिन चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही; फोन कर, कितीही वाजलेले असोत.

७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, की तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. सावरल्यावर जेवणाला वेळ असेल तर पोळी किंवा बिस्किटं खा. संध्याकाळी खो-खो खेळलीस तर शुगर मध्यरात्रीही उतरू शकते. त्या दिवशी झोपताना तपास. खोलीतल्या मैत्रिणीला पहिल्याच आठवड्यात सांग: तू शुद्धीवर नसशील तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थेट दवाखाना.

उलट्या झाल्या, जेवण जात नसलं, तरी रात्रीचं इन्शुलिन बंद करायचं नाही. तेव्हाच किटोन वाढतात, म्हणजे इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साठणारी आम्लं. लघवीची किटोन पट्टी बघ, रंग गडद आला किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नकोस.

कुणी कारल्याचा रस सांगेल, कुणी काढा. कुणी म्हणेल, इन्शुलिन कमी केलं की वजन उतरतं. उतरतं खरं, पण ते शरीर आतून वितळत असतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला इन्शुलिन पहिल्यांदा दिलं ते लेनर्ड थॉम्पसनला, १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हतं. तुझं शरीर इन्शुलिन बनवत नाही, हे कुठल्याही रसाने बदलत नाही. मैत्रिणींबरोबर चतुर्थी धरायची असेल तर आधी डॉक्टरांना विचार; साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास सगळा स्टार्च.

सुई टोचल्यावर मनात दहा आकडे मोजून मगच काढ. जागा रोज बदल. एकाच ठिकाणी टोचून गाठ आली की तिथून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही आणि शुगर कारण नसताना वरखाली होते. इन्शुलिनची न उघडलेली पेनं वॉर्डनबाईंच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेव, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं फेकूनच द्यायचं. वापरातल्या पेनवर उघडल्याची तारीख लिही, २८ दिवसांनी ते बाद. एप्रिल-मेमध्ये खोली तापते, तेव्हा डबीत घालून माठाजवळ ठेव, पाणी आत जाऊ देऊ नकोस.

निळ्या डब्यात दोन महिन्यांच्या स्ट्रिपा आहेत. संपायला पंधरा दिवस राहिले की कळव.

तुझी,
आई