मंडईला येणाऱ्यांसाठी सूचना

राम राम मंडळी. भाऊबीज झाली की आपल्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. तारीख पक्की झाली की इथंच टाकतो, रोज विचारू नका बापा.

यंदा मंडईच्या दुपारी 3 वाजता जुन्या शाळेमागच्या चिंचेखाली जमायचं. भाषण नाही, सत्कार नाही, वर्गणीही नाही. घरात लहानपणाचं काही सापडलं तर घेऊन या. भोवरा, कंचे, पाटी, काहीही. मला माळ्यावर नाटकाचं एक हँडबिल सापडलं. गुलाबी कागद, कोपरा उंदरानं कुरतडलेला, मागं बाबांनी पेन्सिलीनं धानाच्या पोत्यांचा हिशोब मांडलेला. भोंगा लावलेल्या जीपमागं धावून मिळवलेला कागद तो! वडशाची नाटक कंपनी यायची. आपण दिवस मावळायच्या आत पुढची जागा धरायला पोतं टाकायचो आणि पहिल्या अंकातच झोपायचो. सकाळी घरी शेवट मनानंच रचून सांगायचो.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आठवणी ज्यांच्याकडं आहेत त्यांनी त्या नक्की सांगाव्या. 2014 ला पट बंद झाले, 2021 च्या डिसेंबरात अटींवर परत परवानगी मिळाली. मधल्या वर्षांतल्या लेकरांनी गावचा पट पाहिलाच नाही.

गाड्या गावाबाहेर लावा. गोवाऱ्यांच्या (गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाच्या) ढाली, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, नाचत येतात तो रस्ता मोकळा पाहिजे. मागच्या वर्षी माझीच गाडी आडवी होती, बोलणी खाल्ली.

फराळ आपापल्या घरचा आणा. रात्री नाटकाला बसणाऱ्यांनी स्वेटर विसरू नका, पहाटे दव पडते.